डबा उघडायला वेळ कुठाय?

डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-साताऱ्याकडून, पार कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. त्यांना ‘जेवलात का?’ विचारणाऱ्या सिस्टरला मात्र तसं कोणी विचारत नाही. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात खासगी रुग्णालयंही आली आणि सलग काही तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची सुट्टीही. पण तेवढा वेळ वॉर्ड सांभाळायचा कोणी? रात्रपाळीत डबा उघडतो, भाकरीचा पहिला तुकडा मोडतो आणि सलाईन संपल्याची हाक येते. हातमोजे चढतात, पिठलं थिजतं. बदली सिस्टर ठेवायची तर पगार द्यावा लागतो, खरं घोडं तिथंच अडतं. सेवाभाव वगैरे 12 मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणापुरता. ड्युटीच्या तक्त्यातच जेवणाची वेळ आणि बदलीचं नाव लिहा की!