किंडरगार्टनची तयारी मराठीतूनही होते

किंडरगार्टन जवळ आलं की ईडन प्रेरीतल्या बऱ्याच मराठी घरांत भाषा बदलते. ‘दूध संपव’चं ‘फिनिश युअर मिल्क’ होतं. मूल वाचनात मागे पडू नये, ही त्यामागची काळजी. तुमच्याकडेही असं चाललं असेल, तर माझं म्हणणं उलट आहे: वाचन चांगलं यावं म्हणूनच घरात मराठी बोला.

आधी ‘अर्ली चाइल्डहूड स्क्रीनिंग’ची धास्ती सोडा. मिनेसोटात सरकारी शाळेच्या किंडरगार्टनसाठी ते आवश्यक आणि मोफत असतं, पण ती प्रवेशपरीक्षा नव्हे. दृष्टी, श्रवण, बोलणं, हालचाली, लसीकरण पाहून मुलाला कुठे मदत लागेल का, एवढंच तपासतात. तीन-चार वर्षांचं असतानाच करून घ्या आणि घरची भाषा मराठी आहे हे स्पष्ट सांगा. नाहीतर मराठीत अखंड बडबडणारं मूल तिथे गप्प बसलं, तर त्याचा भलताच अर्थ लागायचा.

आता वाचनाकडे. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. लक्षात घ्या, बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. दुसरी बाजू, म्हणजे समज, वर्षानुवर्षांच्या गप्पा-गोष्टींतून वाढते. आपलं ऑफिसातलं इंग्रजी कितीही फर्डं असो, मुलांशी बोलताना ते बहुधा हुकूम सोडण्यापुरतंच उरतं. पाऊस का पडतो, कावळ्याचं घर का वाहून गेलं, हे आपण मराठीत रंगवून सांगतो. ‘बाष्प’ कळलेल्या मुलाला शाळेत फक्त नवा शब्द शिकायचा असतो, कल्पना नाही.

पहिली बाजू ध्वनींची. मिनेसोटाच्या 2023 च्या ‘रीड ॲक्ट’ने शाळांत ध्वनी सुटे ऐकणं आणि अक्षराशी जोडणं यावर भर दिला आहे. इथे आपली लिपी थोडी आडवी येते, हे मान्य करायला हवं. ‘कॅट’मध्ये ध्वनी तीन, पण देवनागरीत अक्षरं दोनच, ‘कॅ’मधला स्वर व्यंजनाला चिकटलेला. शिवाय आपल्याकडे अक्षराचं नाव हाच त्याचा उच्चार. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ कुठेच ऐकू येत नाही! हा भाग इंग्रजीतूनच शिकवावा लागतो, आणि शाळा तो शिकवते.

पण बाराखडी आठवा: म, मा, मि, मी. व्यंजन तेच, स्वर बदलतो. पाठांतर म्हणून कंटाळवाणी, पण ध्वनी सुटे करण्याचा सराव म्हणून उत्तम. ध्वनींची ही जाण एका भाषेत आली की दुसरीतही उपयोगी पडते. देवनागरी गिरवायला मात्र घाई नको; ती सहाव्या-सातव्या वर्षी शिकली तरी चालेल.

गाडीत मागे बसलेल्या मुलाला विचारा: ‘बाळ’मधला ब काढून म घातला तर? माळ. ज घातला तर? जाळ. मग ‘कॅट’ला ब लावून बघा. दोन-तीन दिवसांत तेच तुम्हाला कोडी घालू लागेल.