बाळाचा मोजा

एकटा मनुष्य रस्त्यानें चालला असतां त्याला सहसा कोणी हटकीत नाहीं. परंतु तोच मनुष्य कडेवर तान्हें मूल घेऊन किंवा हातांत कुत्र्याची सांखळी धरून बाहेर पडला कीं, सारा रस्ता त्याचा सोयरा होतो. ज्यांचें नांवगांव आपणांस ठाऊक नाहीं अशीं माणसें येऊन मुलाचें टोपडें सारखें करतात, दांत आले कां म्हणून विचारतात, आणि आपण केलेल्या व न केलेल्या सर्व चुका दाखवून देऊन निघून जातात. या वाटेवरच्या सोयऱ्यांविषयीं या महिन्यांत दोन शब्द लिहावे असें मनांत आहे; आणि त्यांत एक शब्द माझ्या स्वतःच्या लाजेचाहि आहे.

आधीं कुत्र्याची गोष्ट सांगतें. आमच्या धाकट्या भावजींनीं एक कुत्रा पाळला आहे. त्याला घेऊन ते सकाळीं निघाले कीं लोक कुत्र्याची विचारपूस करतात, भावजींची करीत नाहींत! "चावतो कां हो?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर ऐकण्यापूर्वींच हात पुढें झालेला असतो. एके दिवशीं सात-आठ वर्षांच्या एका मुलानें असाच हात घातला. कुत्रा दचकला आणि त्याच्या दातानें मुलाच्या मनगटावर ओरखडा उठला. क्षणांत पांच-सहा माणसें गोळा झालीं. एकानें चुना लावावयास सांगितलें, दुसऱ्यानें तिखट. तिसऱ्यानें "घरचा कुत्रा आहे, कांहीं होत नाहीं" असा निर्वाळा दिला. कडेला भाजी घेऊन बसलेली एक बाई मात्र उठली, मुलाला नळाशीं घेऊन गेली आणि समोरच्या दुकानांतून साबणाची वडी मागवून त्याचें मनगट धूत बसली. भावजींना तिनें एवढेंच विचारलें, "कुत्र्याला सुई टोचलीया का?"

डॉक्टरांनीं मागाहून तिचीच पाठ थोपटली. कुत्र्याचा दांत लागून रक्त आलें असो वा नुसता ओरखडा असो, ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें चांगलीं पंधरा मिनिटें धुवावी, चुना-तिखट कांहीं लावूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मग उपाय बहुधा चालत नाहीं. त्यापूर्वीं लस टोंचली तर मनुष्य वांचतो. ६ जुलै १८८५ रोजीं पाश्चर यानें ही लस जोझेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम दिली व तो मुलगा जगला. मूल आपलें असो कीं परक्याचें, एवढें ज्ञान घरांतील प्रत्येकास असलें पाहिजे.

आतां माझ्या लाजेची गोष्ट. गेल्या पौषांत यमाईच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही सारीं सातारा जिल्ह्यांतील औंधास गेलों होतों. देवी आमचें कुलदैवत. धाकट्या सूनबाईचें बाळ पांच महिन्यांचें झालेलें, तेव्हां त्याला देवीच्या पायांवर घालावयाचें होतें. डोंगराच्या पायऱ्या चढतांना सोयऱ्यांना कांहीं तोटा नव्हता. एका गृहस्थांनीं मुलगा कीं मुलगी हें विचारून गोत्र विचारलें आणि मग बाळाच्या वडिलांचा पगार विचारला. एका बाईंनीं काजळ नाहीं म्हणून हळहळ केली. दुसऱ्या एका आजीबाईंनीं तर "देवीचा प्रसाद" म्हणून पेढ्याचा तुकडा सरळ बाळाच्या ओठांशींच नेला! सूनबाईनें तो वरच्यावर हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि "बाळाच्या वाटचा प्रसाद मी खातें, म्हणजे तो त्याला दुधांतून पोंचेल" असें म्हणून स्वतःच्या तोंडांत टाकला. आजीबाई हंसल्या. सहा महिने होईपर्यंत अंगावरच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, वर्षाच्या आंत मधाचें बोटहि चाटवूं नये, बाजारी काजळांत कधीं कधीं शिसें असतें, हीं आतां सर्वमान्य मतें आहेत. परंतु तीं त्या पायरीवर ऐकवून दाखविलीं असतीं तर एक वाद मात्र झाला असता. सूनबाईचें उत्तर मला फार आवडलें, आणि पुढें माझ्या हातून जें घडलें तें त्यामुळें अधिकच सलतें.

थोडें वर गेल्यावर बाळाला मीं खांद्यावर घेतलें. मागून कोणी लगबगीनें चढत आलें. पाहतें तों साठीची एक बाई. जुनेरें नेसलेली, कपाळ मोकळें. "आक्का, बाळाचा मोजा पडला बगा," असें म्हणत तिनें लोंकरीचा इवलासा मोजा पुढें केला, आणि तो घालण्याकरितां म्हणून बाळाचा उघडा पाय हातांत घेऊं लागली. वाचकहो, खोटें कशाला लिहूं? मीं तो पाय ओढून घेतला आणि त्यावर पदर टाकला. चार बुकें शिकलेली, दृष्ट वगैरेंवर विश्वास नाहीं असें सुनांना सांगणारी मी. पण माझ्या हातानें माझी शिकवण ऐकली नाहीं. त्या बाईच्या तें ध्यानांत आलें. ती एक पायरी खालीं उतरली व म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. पर मोजा घालायच्या आदीं त्येचं बोट बगा. लाल झालंया." मला वाटलें, बाळाला हात लावण्याचें हें निमित्त आहे. मीं मोजा घेतला, घाईनें चढविला आणि वर निघालें.

डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालय १९३८ सालीं उघडलें गेलें. तेथें पोंचतों न पोंचतों तोंच बाळानें असा टाहो फोडला कीं काय करावें तें सुचेना. पाजून पाहिलें, खांद्यावर घेऊन थोपटलें, टोपडें काढलें. सभोंवार माणसें जमलीं. कोणी म्हणे भूक, कोणी म्हणे पोटांत वारा, कोणी म्हणे डोंगरावरची हवा, आणि एकानें अर्थातच "दृष्ट झाली" असें सांगितलें. शेवटीं सूनबाई म्हणाली, "आई, त्या बाई बोटाचें कांहीं सांगत होत्या ना?" तिनें मोजा काढला. पायाच्या तिसऱ्या बोटाभोंवतीं एक लांब केस करकचून गुंडाळलेला होता आणि बोट टरारून सुजून जांभळें पडूं लागलें होतें! केस अजून कातडींत रुतला नव्हता म्हणून बरें. सूनबाईनें पिशवींतील बारीक कात्रीनें तो हलकेच कापून काढला. घटकाभरानें बोटाचा रंग परतला आणि बाळ हुंदके देत झोंपीं गेलें.

संध्याकाळीं डॉक्टरांनीं बोट पाहून सांगितलें कीं हा प्रकार वाटतो तितका विरळा नाहीं. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनीं आईचे केस गळूं लागतात. एखादा केस किंवा लोंकरीचा धागा मोज्यांत राहतो, बाळ पाय झाडतें आणि तो बोटाला वेढे घेतो. रक्त अडतें, सूज येते, सुजेंत केस दिसेनासा होतो. वेळेवर ध्यानांत न आल्यास बोट जाण्याचेंहि भय असतें. म्हणून मोजे उलटे करून, झटकून मगच घालावे. मूल कांहीं केल्या राहात नसेल तर हातापायांचीं बोटें एक एक करून पाहावीं. आणि केस रुतला असल्यास घरीं खटपट न करतां तडक डॉक्टरांकडे जावें.

बाळ झोंपल्यावर मी संग्रहालयांत शिरलें. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं जमविलेल्या त्या कलावस्तूंत रविवर्म्याचीं चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानें घडविलेली आई व बाळ यांची एक दगडी मूर्तिहि आहे. त्या दगडी आईचें कपाळ मोकळें आहे कीं कुंकवाचें, हें पाहण्यासाठीं कोणी तिच्यापुढें थांबत नाहीं. याच राजाच्या राज्यांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसविली गेली. तिला तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. शिक्षा झालेलीं माणसें तेथें शेती करून राहात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट त्या प्रयोगावरून सुचला. खुनाची शिक्षा भोगणाऱ्याच्या हातीं कुदळ देण्याइतका विश्वास ज्या मुलखानें दाखविला, त्याच मुलखांत मोजा आणून देणाऱ्या बाईच्या हातीं पांच महिन्यांच्या बाळाचा पाय देण्याइतका विश्वास मजजवळ निघाला नाहीं!

परततांना ती बाई खालच्या एका पायरीवर बसलेली दिसली. काय बोलावें तें मला उमगेना. सूनबाई पुढें झाली, घडलेलें सारें तिला सांगितलें, आणि बाळ तिच्यापुढें धरलें. बाईनें हात पुढें केले नाहींत. तिनें आधीं माझ्याकडे पाहिलें. "घेऊं का?" मीं मान हलविली, तोंडांतून शब्द फुटला नाहीं. मग तिनें बाळाला मांडीवर घेतलें, तें बोट निरखून पाहिलें, आणि बाळाच्या अंगावरून दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटें मोडलीं. जिची दृष्ट लागेल म्हणून मीं पदर टाकला होता, तीच माझ्या नातवाची दृष्ट काढीत होती.

वाटेवरच्या सोयऱ्यांचें सर्व ऐकावें असें माझें म्हणणें नाहीं. पेढा, चुना आणि तिखट यांना गोड बोलून नकारच द्यावा. परंतु त्यांच्यांत दोन जातीचीं माणसें असतात. बहुतेक जण ऐकीव तेंच बोलतात. एखादाच आधीं नीट पाहतो आणि मग बोलतो. भाजीवालीनें जखम पाहिली होती, या बाईनें बोट पाहिलें होतें. मीं मात्र तिचें कपाळ तेवढें पाहिलें. यापुढें मूल घेऊन बाहेर पडेन तेव्हां कोणी काय सांगतो तें आधीं ऐकून घेईन. तो कोण हें मागाहून विचारतां येईल. बाळाचे मोजे मात्र आतां मी रोज स्वतः उलटे करून झटकतें.