कोकणचे जुने नकाशे कोकणाला द्या

आमच्या घाटनांदूरपासून समुद्र पार लांब. पण जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाचा नकाशाचा नाद म्हातारपणीही सुटत नाही. हल्ली संगणकावर कोकणचे जुने स्थलनिर्देशक नकाशे बघत बसतो. आमचं गाव भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 56 क्रमांकात, तर डहाणू ते मालवण हा सगळा किनारा 47 क्रमांकात. पूर्वी हे नकाशे 1 इंचाला 1 मैल या प्रमाणाचे असत, नंतर 1:50,000 झाले.

त्यात हिरवा रंग झाडीचा. राखीव जंगलाची हद्द वेगळी, तिथे 'आर.एफ.' ही अक्षरं असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खासगी मालकीचं. म्हणजे रंग आहे पण अक्षरं नाहीत, अशी जागा पुष्कळ. ती झाडी तुटली तर सरकारी जंगल काही कमी होत नाही, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. शिवाय 1990 नंतर रोजगार हमीतून आंबा-काजूच्या बागा वाढल्या. उपग्रहातून बागही हिरवी आणि रानही हिरवं! आधी तिथे काय होतं, हे जुना नकाशाच सांगतो. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात खारफुटी तोडायला बंदी घातली. तिथेही वाद उभा राहिला की पहिला प्रश्न हाच.

पण किनाऱ्याचे बारीक नकाशे संरक्षणाच्या कारणाने वर्षानुवर्षं सामान्य माणसाला मिळत नव्हते. 2005च्या नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी मालिका केली, 2017मध्ये ती फुकट मिळू लागली, 2021मध्ये नियम आणखी सैल झाले. गंमत अशी, की अमेरिकी लष्कराने 1950च्या दशकात छापलेले आपल्याकडचे 1:250,000चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. घरच्याला बंदी आणि परक्याला मोकळीक!

कुणी म्हणेल, साहेबांनी लष्करासाठी आणि कारभारासाठी काढलेल्या नकाशांवर किती विसंबायचं? खरं आहे. लहानशी देवराई त्यात सापडेलच असं नाही, आणि गावांची नावंही वेडीवाकडी लिहिलेली. म्हणून समासातलं पाहणीचं वर्ष आधी बघावं, मग गावातल्या जुन्या माणसांना विचारून पडताळावं.

माझं म्हणणं एवढंच, की कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शाळेत त्या गावाचा सर्वांत जुना नकाशा मोठा करून भिंतीवर लावावा. खर्च एका फ्लेक्सचा. नाहीतरी वाढदिवसाचे लागतातच! गावाला आपली हिरवी हद्द ठाऊक असली, तर उद्या 'इथे कधी रान नव्हतंच' असं म्हणणाऱ्याला पोरंसुद्धा भिंतीकडे बोट दाखवतील.

कोकणातल्या मित्रांनो आणि पाहुण्यांनो, तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.