घडा आपोआप घडत नाही

पुण्याच्या रविवार पेठेत तीन पिढ्या भांडी व क्रोकरीचा व्यापार करणाऱ्या एका श्रावक कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात एक लहानसा वाद झाला. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातीला अभ्यासक्रमातील इंटर्नशिप पूर्ण करावयाची होती. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. मैत्रिणींनी सीएंच्या कार्यालयांत जागा धरल्या. हिने निवडला एक सामुदायिक पॉटरी स्टुडिओ. तेथे हौशी मंडळी मासिक शुल्क भरून चाक वापरतात आणि सर्वांची भांडी विजेच्या एकाच भट्टीत भाजली जातात.

आजोबांनी हरकत घेतली. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म पहिले, आणि कुंभाराची भट्टी त्यातच मोडते. "हिशेब ठेव, काम शीक, मात्र आपल्या घरात हा धंदा होणार नाही," या अटीवर अखेर संमती मिळाली.

नातीकडे भट्टीची नोंदवही आली. माती किती आली, कोणाची किती भांडी भाजली, किती फुटली, हे सारे ती लिही. उरलेल्या वेळात माती मळणे आणि चाकावर हात बसवणे. ओल्या मातीचा दहा सेंटिमीटरचा पेला वाळून व भाजून सुमारे नऊचाच उरतो, हे तिला कळले. न भाजलेले भांडे पाण्यात विरघळवून त्याची पुन्हा माती करता येते. एकदा भाजल्यावर मात्र परतीची वाट नसते.

पहिल्या भाजणीत तिचे दोन पेले फुटले. "नशिबात नव्हते, आजोबा," ती घरी येऊन म्हणाली.

आजोबांनी तिला सद्दालपुत्राची कथा सांगितली. उपासकदशांग सूत्रातील दहा श्रावकांपैकी हा सातवा, पोलासपूरचा धनाढ्य कुंभार. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. एक कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून, एक कोटी व्याजावर आणि एक कोटी घरसंसारात, अशी त्याची संपत्ती. तो गोशालकाचा अनुयायी होता. जे घडते ते नियतीनेच घडते, प्रयत्नाला अर्थ नाही, अशी त्याची धारणा. त्याची भांडी उन्हात वाळत असताना भगवान महावीरांनी विचारले, ही भांडी पुरुषार्थाने झाली की त्यावाचून? त्यावाचूनच, असे त्याने सांगितले. मग भगवंतांनी विचारले, कोणी ही भांडी चोरली किंवा फोडली, तर तू काय करशील? त्याला शिक्षा करीन, असे तो म्हणाला. सारेच नियत असेल तर त्या माणसाचा दोष तो कोणता? सद्दालपुत्र निरुत्तर झाला आणि पुढे त्याने श्रावकव्रते घेतली.

दुसऱ्या दिवशी नातीने फुटलेल्या पेल्यांपुढे कारण लिहिले: "बूड जाड, आतून ओले." आतल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होते आणि ती भांडे फोडते. पुढचे पेले तिने आठवडाभर वाळवले.

शेवटच्या आठवड्यात स्टुडिओतील शिक्षिकेने मातीचे प्रकार समजावले. स्टोनवेअरमध्ये माती व खनिजे असतात. बोन चायनामध्ये जनावरांची हाडे जाळून केलेली राख असते, आणि मूळच्या इंग्रजी कृतीत तिचे प्रमाण जवळजवळ निम्मे. ते ऐकून नातीला दुकानातील काचेचे कपाट आठवले. सर्वांत महाग कपबश्या त्यातच मांडलेल्या होत्या. घरात मात्र कोणी त्यांत चहा घेत नसे.

रात्री जेवताना तिने वडिलांना विचारले. ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक मागते, कंपनी पाठवते. बाजारात राहायचे तर माल ठेवावाच लागतो."

"बाबा, तो आपोआप येतो, की आपण मागवतो?"

वडील गप्प राहिले. आजोबाही काही वेळ बोलले नाहीत. नातीच्या भट्टीला अंगारकर्म म्हणणाऱ्या त्यांनी हे कपाट रोज पाहिले होते. दुकानाची खरेदी अनेक वर्षे त्यांच्याच सहीने झाली होती.

दिवाळीची बोन चायनाची मागणी रद्द झाली. त्या मालावर नफा चांगला सुटत असे, त्यामुळे वडिलांना हा निर्णय सोपा गेला नाही. शिल्लक मालाचे काय करावे, यावर बापलेकांचे एकमत झाले नाही. तूर्त आजोबांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लिहून कपाटावर लावली: "या भांड्यांत प्राण्यांच्या हाडांची राख असते." काही गिऱ्हाइके वाचून कप परत ठेवतात, काही तरीही घेतात. दोन्हींची नोंद आता नात ठेवते.

तिने घडवलेला, किंचित कललेला एक पेला गल्ल्याशेजारी आहे. तो विकावयाचा नाही. आजोबा दुपारी त्यातून उकळलेले पाणी पितात.