‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही : डान्स क्लास काढताय? स्टेजच्या भीतीचा हिशोब फीमध्येच धरा



डान्स क्लास काढायचाय म्हणणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. जागा पाइपलाइन रोडला घ्यावी की गुलमोहर रोडला? आरसे किती लावायचे? स्पीकर कोणता घ्यायचा? फी महिन्याची ठेवायची की तीन महिन्यांची? प्रश्न सगळे बरोबर आहेत. पण एक प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. स्पर्धेच्या दिवशी मूल विंगेत थिजलं, रडायला लागलं, ‘ताई, मला नाही जायचं’ म्हणालं, तर माझ्याकडे काय तयारी आहे?

बहुतेकांची तयारी एका वाक्याची असते. ‘अरे, घाबरतोस काय? काही नाही होत!’ आणि पाठीवर एक थाप.

माझं म्हणणं असं की हे वाक्य म्हणजे गिऱ्हाइकाला माल न देता बिल देणं आहे. स्टेप तर आज मोबाइलवर फुकट मिळतात. पालक पैसे मोजतात ते आपलं पोरगं चार लोकांसमोर उभं राहावं म्हणून. मग त्याची भीती हाताळणं हा तुमच्या सेवेचाच भाग झाला. त्याला वेळ, जागा आणि पैसा लागतो. तो आधीच धरला पाहिजे.

पोटात गोळा का येतो?

आधी साधी गोष्ट समजून घ्या, कारण ती मुलांनाही सांगायची आहे. समोर मोठा प्रसंग आला की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, श्वास वर-वर होतो. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात. पचन मंदावतं म्हणून पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. हे सगळं शरीर पळायला किंवा लढायला तयार होतंय म्हणून होतं. आणि नाचायला तरी दुसरं काय लागतं? जोरच लागतो ना?

मुलाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, आपल्याला काहीतरी झालंय, आता आपण पडणार. त्यामुळे धडधडीपेक्षा धडधडीचीच भीती जास्त वाटते. क्लासमध्ये दहा मिनिटं काढून हे नीट सांगा. सोबत श्वास सावकाश सोडायला शिकवा: नाकाने घ्यायचा, तोंडाने दुप्पट वेळ लावून सोडायचा. रोजच्या सरावात शिकवलं तरच ते विंगेत आठवेल.

आता ‘शांत हो’ का चालत नाही ते बघा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी माणसासमोर कॅराओकेवर गाणं म्हणायला लावलं. गाण्याआधी काहींनी ‘मला भीती वाटतेय’ असं म्हणायचं होतं, काहींनी ‘मला उत्साह वाटतोय’ असं. गाण्याचे गुण मशीनने दिले. उत्साह म्हणणाऱ्यांना सरासरी ८० च्या आसपास मिळाले, भीती म्हणणाऱ्यांना ५३ च्या आसपास. भाषणाच्या प्रयोगातही ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणारे सरस ठरले. आणि उत्साह म्हटल्याने छातीची धडधड काही कमी झाली नव्हती. ती तेवढीच होती, फक्त तिला दिलेलं नाव बदललं होतं.

म्हणून विंगेत ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. ‘धडधडतंय ना? छान, अंगात जोर आलाय. चल, मजा करू’ असं म्हणा. फरक चार शब्दांचाच आहे.

विठाबाईंची गोष्ट मुलांच्या अंगावर फेकू नका

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. मूल घाबरलं की त्याला मोठमोठ्या कलावंतांचे दाखले द्यायचे. विठाबाई नारायणगावकरांचा किस्सा तर मोटिव्हेशनच्या प्रत्येक भाषणात येतो. कार्यक्रम चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. ‘आणि तू दोन मिनिटांच्या नाचाला घाबरतोस?’

हा दाखला मला अजिबात पटत नाही. विठाबाई (१९३५–२००२) भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढल्या. लहानपणापासून बोर्डावर होत्या. तिथे त्यांना पाय ठेवायला शिकावं लागलं नाही, ते त्यांचं घरच होतं. शिवाय तो किस्सा पोटासाठी सोसलेल्या हालांचा आहे, स्टेजच्या भीतीचा नाही. वर्षातून एकदा स्टेज बघणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला तो ऐकवला की भीती जात नाही, वर लाज तेवढी चढते.

तमाशाकडून शिकायचंच असेल तर त्याची रचना बघा. आधी ढोलकी-हलगीची सलामी, मग गण, मग गवळण, मग बतावणी आणि नंतर वग. म्हणजे सुरुवातीला काय करायचं हा प्रश्न कलाकारापुढे कधी पडतच नाही. संगीत नाटकातही तसंच. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, तेव्हापासून पडदा उघडला की नांदी. ती सगळ्यांनी मिळून म्हणायची, आणि तोंडपाठ असलेली. आजही नाटकाला तिसरी घंटा असते, आधी रंगमंचाची पूजा असते, नारळ असतो. ही परंपरा भक्तीसाठी आहेच, पण तिचा एक व्यावहारिक उपयोगही आहे: सर्वांत घाबरवणारं पहिलं मिनिट मोकळं राहत नाही. तेवढ्यात हातपाय आणि आवाज जागेवर येतात.

आणि रंगीत तालीम विसरू नका. आपल्या सावेडीतच बघा ना. माउली सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची नाटकं होतात, महाकरंडकच्या एकांकिका होतात. तिथे येणारे हौशी कलाकार दिवसा नोकरी-कॉलेज करणारे असतात. त्यांना भीती वाटत नाही असं थोडंच आहे? पण कपडे, मेकअप, प्रकाश, संगीत यांच्यासकट रंगीत तालीम केल्याशिवाय शहाणा दिग्दर्शक स्पर्धेला उतरत नाही. मग आपले डान्स क्लासवाले तीन महिने आरशासमोर सराव घेऊन मुलांना थेट स्पर्धेच्या स्टेजवर का सोडतात? तिथे आरसा नसतो, डोळ्यांवर लाइट असतो, समोर काळोख असतो. मुलासाठी ती जागाच नवीन असते.

कच्चं काम प्रेक्षकांसमोर आणखी कच्चं होतं

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये जुने प्रयोग एकत्र मांडून एक गोष्ट दाखवली. कुणी बघत असलं की मुरलेलं काम आणखी चांगलं होतं आणि न मुरलेलं काम आणखी बिघडतं. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रेक्षक व्याजासारखे असतात. जमा असेल तर जमा वाढवतात, उधारी असेल तर उधारी.

यावरून कामाचा तक्ता असा निघतो:

१. शेवटच्या दहा दिवसांत एकही स्टेप बदलायची नाही. दुसऱ्या क्लासचा भारी व्हिडिओ बघून आदल्या रात्री शेवट बदलणारे सर-मॅडम मुलांची भीती स्वतःच्या हाताने वाढवतात.

२. पहिले दोन आठ काउंट शंभर वेळा. हीच आपली नांदी. त्या सोळा मोजांत अवघड काही ठेवायचं नाही. सगळ्यांनी एकत्र करायची, साधी, ठसठशीत हालचाल ठेवायची.

३. पंधरा दिवस आधी आरसा झाकायचा. जुनी चादर टाका किंवा मुलांना उलट्या भिंतीकडे तोंड करून नाचवा.

४. चुकीची तालीम घ्यायची. मध्येच गाणं बंद करा. एकाला मुद्दाम बाहेर बोलवा. एकाचा दुपट्टा सुटू द्या. नियम एकच: थांबायचं नाही, शेजाऱ्याकडे बघायचं नाही, पुढच्या ‘एक’ला पकडायचं. चूक झाल्यावर काय करायचं हे ठरलेलं असलं की चुकीची धास्ती निम्मी होते.

५. दोन रंगीत तालमी. पहिली क्लासमध्ये पालकांसमोर, पूर्ण कपड्यांत. दुसरी अनोळखी जागेत, अनोळखी लोकांसमोर.

६. विंगेतल्या वेळेचं नियोजन. स्पर्धा कधी वेळेवर सुरू होत नाही. दोन-दोन तास मेकअप करून बसलेली, उपाशी, दुसऱ्यांचे नाच बघत राहिलेली मुलं निम्मी तिथेच खचतात. हलकं खाणं, पाणी, बाथरूम, मग वॉर्मअप. हे एका माणसाकडे सोपवा, आणि त्या माणसाला दुसरं काम देऊ नका.

७. उतरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं. ‘तू तिसऱ्या कडव्याला चुकलास’ हे दोन दिवसांनी क्लासमध्ये सांगा. स्टेजवरून उतरताना फक्त ‘पूर्ण केलंस, शाब्बास’. पुढच्या वेळची भीती याच क्षणी ठरते.

‘सर, याला खर्च येतो’

येतोच. म्हणून तर फीमध्ये धरा म्हणतोय. समजा, तुमच्याकडे ४० मुलं आहेत. दुसऱ्या रंगीत तालमीसाठी एखादा छोटा हॉल दोन तास घेतला, स्पीकर आणला, खाऊ दिला आणि सगळा खर्च ६,००० रुपये झाला, तर एका मुलामागे १५० रुपये पडले. हाच खर्च तुम्ही आदल्या आठवड्यात मागितला तर पालक कुरकुरणार. पण प्रवेशाच्या वेळीच लिहून दिलं की ‘फीमध्ये दोन रंगीत तालमी आणि स्टेजची तयारी समाविष्ट’, तर तीच तुमची जाहिरात झाली. हॉल परवडत नसेल तर सोसायटीचं पार्किंग, एखाद्या शाळेचा रविवारचा हॉल, मुहूर्त नसलेल्या दिवशीचं मंगल कार्यालय बघा. जागा भारी नसली तरी चालेल, मुलांना नवीन असली पाहिजे.

काही जण म्हणतील, ‘ॲडमिशन ट्रॉफीवर येतात.’ खरंय, ट्रॉफीचा फोटो चालतो. पण ट्रॉफी पुढच्या रांगेतल्या पाच-सहा मुलांच्या जोरावर येते आणि क्लासचं भाडं मागच्या रांगेतल्या तीस मुलांच्या फीवर निघतं. त्या तिसांचे पालक घरी जाताना परीक्षकांचे गुण मोजत नाहीत. आपलं मूल हसत उतरलं की रडत, तेवढंच बघतात. रडत उतरलेलं मूल पुढच्या महिन्यात ‘अभ्यास वाढलाय’ या कारणाने बंद होतं. खरं कारण तुम्हाला कुणी सांगत नाही.

पैशाच्या पलीकडचंही सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या वयात ‘मला स्टेज जमत नाही’ हे एकदा मनात बसलं की ते नाचापुरतं राहत नाही. वर्गात हात वर करताना, तोंडी परीक्षेला, पुढे मुलाखतीला ते आडवं येतं. तुमच्या क्लासमध्ये येणारं मूल तुमच्यावर एवढं मोठं काहीतरी सोपवून जातं.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. थोडं घाबरणं वेगळं आणि आठवडाभर न झोपणं, जेवण न जाणं, दर तालमीला उलट्या होणं वेगळं. अशा मुलाला ढकलायचं नाही. पालकांशी एकांतात बोला, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवायला सुचवा, आणि ‘या वेळी नाही नाचलास तरी तू आमच्याच टीममध्ये’ हे सगळ्यांसमोर सांगा. म्युझिकचं बटण त्याच्या हातात द्या. पुढच्या वर्षी तो स्वतःहून येण्याची वाट मोकळी राहते.

ज्यांना डान्स क्लास काढायचा नाही, त्यांच्यासाठी

तुम्ही मसाले विकणार असाल, टेलरिंग करणार असाल, तरी स्टेज तुम्हालाही चुकत नाही. बचत गटाच्या प्रदर्शनातला पहिला स्टॉल, बँकेत मॅनेजरच्या केबिनमधली पाच मिनिटं, पहिलं फेसबुक लाइव्ह, ही सगळी स्टेजंच. तिथे लोक म्हणतात, ‘आधी आत्मविश्वास आला की करतो.’ तो आधी येत नाही हो. काम दोन-चारदा धड पार पडलं की मागून येतो. तोवर पहिली चार वाक्यं तोंडपाठ करा, घरच्यांना मॅनेजर करून दोन रंगीत तालमी घ्या, आणि ‘सिबिल कमी का?’ असा अडचणीचा प्रश्न त्यांना मुद्दाम विचारायला सांगा.

या आठवड्याचं काम: क्लास चालवत असाल किंवा काढणार असाल, तर फीचा कागद काढा आणि त्यात एक ओळ वाढवा. ‘स्टेजची तयारी’. समोर रुपये लिहा, तारखा लिहा. ज्या गोष्टीपुढे तारीख आणि रक्कम नाही, ती गोष्ट आपल्या धंद्यात होत नसते.