पाण्याकाठची मुकी पाटी

पावसाळा लागला की मुंबई-ठाण्याच्या मंडळींची पावले जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाकडे वळतात. दाभोसा, काळमांडवी येथील धबधबे मोह पाडतील असेच आहेत. परंतु त्याच काळमांडवीच्या डोहात २ जुलै २०२० रोजी जव्हारचे पाच तरुण बुडून मरण पावले, हे विसरता येत नाही. पाण्यात पडलेल्या सोबत्यांना वाचविण्यास धावलेलेही त्यांत होते. अशा प्रसंगानंतर मनाईहुकूम निघतो, धोक्याची पाटी लागते आणि प्रकरण मिटते. 'पाण्यात उतरू नये' एवढेच ती पाटी सांगते. कोणी बुडालाच तर काय करावे, याविषयी ती मुकी असते.

वस्तुतः खरी निकड तेथेच आहे. प्राणवायू तुटल्यावर मेंदूला कायमची इजा होण्यास चार-सहा मिनिटे पुरतात. इतक्या अवधीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या दऱ्याखोऱ्यांत कोठून पोहोचणार? वाचविलेच तर काठावरचा माणूसच वाचवील. पण तो बहुधा बुडालेल्यास उलटे धरतो, पोट दाबून पाणी काढू पाहतो. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्नपाणी श्वासनलिकेत शिरण्याचे भय वाढते. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने जोरदार दाब द्यावेत. ३० दाब व २ श्वास हा क्रम मदत येईतो सोडू नये. पाटीवर मावणारे एवढेच हे ज्ञान आहे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९९२ च्या कायद्यान्वये घरच्या पोहण्याच्या तलावापाशीही असा फलक लावणे मालकावर बंधनकारक केले आहे. खासगी आवारात सरकारने का डोकवावे, असा आक्षेप आपल्याकडे निघेल. तलाव खासगी असतो हे खरे. त्यात बुडणारे मूल मात्र पाहुण्याचे किंवा राखणदाराचेही असू शकते.

म्हणून आमची सूचना अशी की, शेतघरे व विश्रामस्थाने यांतील प्रत्येक तलावास राज्य शासनाने हा नियम लावावा आणि पालघर जिल्हा प्रशासनाने प्रत्येक धबधब्यावर तशीच पाटी उभारावी. अक्षरओळख नसलेल्यासही ती कळावी यासाठी मजकुराबरोबर चित्रे असावीत. वारली चित्रकारांच्या मुलखात त्याची वाण पडू नये. पाटीशेजारी दोर व हवा भरलेली ट्यूब टांगलेली असावी, म्हणजे वाचविणाऱ्यास स्वतः उडी घ्यावी लागणार नाही. आश्रमशाळांतील मुले व पोलीस पाटील यांना ही कृती प्रत्यक्ष करवून शिकवावी, कारण पाटी केवळ आठवण देते; दाब हातांनीच द्यावे लागतात.

ज्यांच्या शेतघरी तलाव आहे अशा आमच्या वाचकांनी मात्र कायद्याची वाट पाहू नये. तलावाच्या फरशीवर जो खर्च झाला, त्याच्या मानाने या पाटीचा खर्च नगण्य आहे.