'रासेन': नापास झालेला सीक्वेल

'रिंगू'मधली शापित टेप आठवते? सात दिवसांत मरण. वाचायचं तर टेपची कॉपी काढून दुसऱ्याला दाखवायची! जपानमध्ये ३१ जानेवारी १९९८ ला 'रिंगू' लागला आणि त्याच दिवशी त्याचा सीक्वेल 'रासेन'सुद्धा. कोजी सुझुकींच्याच पुढच्या कादंबरीवरचा. त्यात घाबरवणं कमी, शोध जास्त. शवविच्छेदन करणारा डॉक्टर शापाचं कारण शोधतो आणि सापडतो देवीच्या रोगासारखा विषाणू. लोकांना ते पटलं नाही. मग 'रासेन' झालाच नाही असं धरून १९९९ मध्ये 'रिंगू २' आला, पुन्हा पहिल्याच्याच वळणाचा.

मला विचाराल तर 'रासेन'च भारी. भुतालाही 'का?' विचारायला हिंमत लागते. जर्नल कॉपी करून सबमिशनमधून वाचणारे आपण, निदान त्याला तरी हसू नये.